पान सतरापासून

दुपारी चार वाजता हर्णैच्या वाचनालयात कोणी येत नाही.
बंदरावर लिलाव लागलेला,
बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात,
आणि माझ्याकडे एक पंखा.
तेव्हा हलीमा बुरोंडकर आली.
बर्फाच्या कारखान्यात पावत्या लिहिते ती.
म्हणाली, त्या भरतीच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या
नऊ कादंबऱ्या आहेत ना, ग्रहाताऱ्यांच्या?
आधी कुठली?

बावीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो.
चष्मा पुसला. उगाच.

पहिली नको, म्हटलं.
पहिलीत तो सगळं समजावून सांगतो,
नवा तांडेल किनारा दिसत असताना बोलतो तसं.
जाडी निळी, जिचं नाव सगळे घेतात,
तिच्यात चाळीस वर्षांनी एकदा ओहोटी लागणारा ग्रह आहे
आणि समुद्राला तळ असतो का यावर
भांडत म्हातारी होणारी माणसं.
थोर आहे. पण दीडशे पानं श्वास घेऊ देत नाही.
मला तिसऱ्या खेपेला जमली.

चौथी घे.
तिच्यात एक होडी दुरुस्त होत राहते,
यंदा फळ्या, पुढल्या वर्षी कणा,
शेवटी होडीच सुताराला विचारते,
तू तरी तोच आहेस का?
एकशे दहा पानं. दोन भरत्यांमध्ये संपते.
मग सातवी, मग निळी.
शेवटची इतक्यात नको.
डोळे गेल्यावर सांगून लिहवलेली ती,
तिच्यात यंत्र नाही, तारे नाहीत,
नुसता एक माणूस पायरीवर बसून
पाणी कुठवर आलं ते ऐकतो.

तिने सगळं ऐकून घेतलं
आणि खालच्या फळीवरून पाचवी काढली.
वाळवीने खाल्लेली. पहिली सोळा पानंच नाहीत.
रद्दीत द्यायची म्हणून ठेवली होती मी.
ही कुठून सुरू होते?
सतरापासून. अर्ध्या वाक्यातून:
‘म्हणून त्यांनी मला विचारलं नाही.’
मग बरं, म्हणाली. मलाही कोणी विचारलं नव्हतं.

पुढे बंदी लागली. होड्या वर ओढल्या,
झावळ्यांनी झाकल्या. कारखाना बंद.
सुवर्णदुर्ग आठ आठ दिवस दिसेना.
मुदत दोनदा उलटली,
दंड मी माझ्याच नावावर मांडला.

नारळी पौर्णिमेनंतर आली.
पुस्तकाला खाकी कव्हर, आणि पुढे टाचलेली सोळा पानं,
पावत्यांच्या पाठीवर लिहिलेली.
उजेडात धरलं की पलीकडून उमटायचं:
दोन लाद्या, रोख.
सतराव्या पानावर तो मागे वळून बघतो ना, म्हणाली,
तिथून मागे मागे जात लिहिली. चुकली असेल.

पूर्ण प्रत माझ्या घरी आहे, कपाटात.
रात्री दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या.
त्याची सोळा पानं सांगतात
ग्रहाचं नाव काय, सूर्य किती, हवा कशी.
तिची एका बाईपासून सुरू होतात,
जी लादी फोडता फोडता थांबते,
कारण आतून कोणीतरी ठोकतंय.

कपाट लावून टाकलं.

परवा गुरांच्या दवाखान्यातला ड्रेसर आला,
त्याचाही तोच प्रश्न. काही न बोलता पाचवी दिली.
आठवड्याने परत करताना म्हणाला,
सुरुवात हाताने का लिहिलीय? छापायची राहिली?
हो, म्हटलं. राहिली.