वाऱ्याकडे पाठ

पालिकेला हवा होता कोंडोर.
पंख पसरलेला, बारा फुटी,
जहाजातून उतरणाऱ्यांना फोटोला बरा.
मी हो म्हटलं, आगाऊ पैसे घेतले
आणि पुंता अरेनासच्या जुन्या गोदीतून
सामुद्रधुनीत चाळीस वर्षं येरझाऱ्या घातलेल्या
एका फेरीबोटीचे पत्रे उचलून आणले.

पत्रा तापताना आधी वाळल्या गवताचा रंग,
मग जांभळा, निळा, राखी.
लाल झाला की त्याला काही विचारू नये,
घण घालावा.
गोदीतल्या म्हाताऱ्या मान्सियाची ही शिकवण.
बाईला शिकवतो म्हणून त्याला हसायचे.

पंख काही जमेनात.
तीनदा जोडले, तीनदा कापले.
इथे पंख पसरून उभं राहतं कोण?
इथला वारा लेंगाच्या झाडांना कोवळेपणीच धरतो,
मग ती जन्मभर
पूर्वेकडे पळत सुटल्यासारखी उभी,
मुळं जागच्या जागी.

माझा बाप तसाच होता.
एलेउतेरियो बार्रिया, मेंढ्या कातरणारा.
रात्री जेवायला बसला
तरी पाठ अजून मेंढीवरच.
आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो.
शेवटी तो पेटीत सपाट मावेना,
तेव्हा सुताराने मानेखाली लोकर भरली.
कुणी काही बोललं नाही.

तो बाक माझ्या हातांना पाठ होता.
मोजपट्टी लागली नाही.
बोटीच्या फासळ्या एकेक तापवून वाकवल्या,
पानं केलीच नाहीत.

मोडेन पण वाकणार नाही म्हणणारे
कुठल्यातरी निवांत गावचे असणार.

पडदा सरला. साहेब म्हणाले,
"कोंडोर कुठाय?"
म्हटलं, "होता. वारा सुटला."

डिसेंबरात चौकाचौकात दोर बांधतात,
धरून चालायला.
एक बाई दोरापर्यंत पोचलीच नाही.
पावाची पिशवी छातीशी,
दुसऱ्या हाताने माझी खालची फांदी गच्च.
वर पाहिलंसुद्धा नाही तिने, झाड आहे की खांब.
झोत ओसरला, तशी निघून गेली.
मग दुसरं कुणी. मग शाळेतली पोरं.

आता त्या फांदीवर वीतभर गंज नाही,
आतलं पोलाद उघडं पडलंय, हाताहातांनी घासून.
पालिकेचं पत्र आलंय: रंग द्या.
देते म्हणून कळवलंय,
वारा पडला की.