पूर्ण सपाट

डी विंगमधल्या टिपणीसांनी हे वेड लावलं.
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते गुवाहाटीला गेले,
विमानतळावरच चहा प्यायले
आणि त्याच विमानानं परत आले.
सोनेरी कार्ड टिकवायला दोन उड्डाणं कमी पडत होती.
म्हटलं, निदान कामाख्या?
म्हणाले, वरून नमस्कार केला.

त्यांनीच शिकवलं,
तिकिटाच्या किमतीआधी त्यावरचं अक्षर बघायचं,
काही अक्षरांना पुढच्या रांगा जन्मात उघडत नाहीत.
बोली लावायची तर आकडा गोल नको,
वर एकवीस रुपये ठेवायचे, लग्नाच्या पाकिटासारखे.
आणि असेल नसेल ते देणं कार्डावर.
रोख म्हणजे वाया गेलेलं आकाश.

मग सोसायटीचा मेन्टेनन्स कार्डावर.
वाघबीळच्या वाण्याला मशीन घ्यायला लावलं.
चिटणीसांचा फ्रिज, त्यांच्या धाकटीच्या क्लासची फी,
सगळं माझ्या कार्डावर, आणि त्यांनी मला रोख द्यायची.
वैजयंती म्हणायची, भिशी काढलीयस का रे?

मार्चमध्ये तिची आई गेली.
मानपाड्याच्या हॉस्पिटलात एकोणीस दिवस.
बिलाच्या खिडकीशी तिचा भाऊ एफडी मोडायचं बोलत होता,
मी म्हटलं, थांब, मी भरतो.
जावई असावा तर असा, असं सगळ्यांना वाटलं.
मी वाटू दिलं.
पैसे त्यानं मे महिन्यात परत केले.
मैल माझ्याकडे राहिले.

ऑक्टोबरात आम्ही दोघं टोरांटोला, मुलीकडे.
अर्ज दोघांचाही टाकला होता, हे इथे सांगून ठेवतो.
गेटवर रात्री पावणेदोनला माझं नाव पुकारलं.
यंत्र लाल झालं, पोरीनं माझा कागद फाडला,
नवा दिला. चार-अ.
एकच जागा मोकळी आहे, सर.
मॅडम यादीत सातव्या आहेत.
यादी कार्डाच्या रंगानं लागते.

मी वैजयंतीला म्हटलं, तू जा.
हे मी नक्की म्हटलं.
पण कागद माझ्याच हातात होता
आणि हात काही पुढे झाला नाही.
ती म्हणाली, तुझी पाठ दुखते, तूच जा.
माझी पाठ जानेवारीतच बरी झाली होती.
औषधाच्या गोळ्या तिनंच मोजून दिल्या होत्या.

काचेचा पेला. खराखुरा काटा, जड.
चिमट्यानं दिलेला गरम टॉवेल,
ज्याचं काय करायचं ते मी शेजाऱ्याचं बघून केलं.
मागे एक राखाडी पडदा,
आपल्याकडे पाहुणे आले की स्वयंपाकघराला लावतात तेवढाच पातळ.
बटण दाबलं, पाय वर आले, पाठ खाली गेली,
झोपलो.

कॅस्पियन समुद्रावर केव्हातरी जाग आली.
अंगावर पांढरं पांघरूण,
डोक्याशी कुणीतरी हलकेच दिवा मंद करून गेलेलं.
आणि बाजूला ते बटण,
माणूस आणि वर-खाली जाणारी रेघ, असं चित्र असलेलं.
हेच चित्र मी एकोणीस दिवस पाहिलं होतं.
कधीकधी मीच दाबायचो, त्यांना चहा पाजताना.

खिशात दोन चॉकलेटं घालून मागे गेलो.
अडतीस-ई. मधली जागा.
कुणाचं तरी बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं,
त्याची आई खिडकीला टेकून घोरत होती.
वैजयंती समोरच्या पडद्यावरचं छोटं विमान बघत होती.
हळूच म्हणाली,
आईचे किती मैल झाले रे?

मला आकडा पाठ होता.
म्हटलं, बघावं लागेल.

ट्रॉली आली. वाट अडली होती.
सर, आपली जागा पुढे आहे.

महिन्याभरानं लिफ्टमध्ये टिपणीस भेटले,
सातव्या मजल्यापर्यंत.
पूर्ण सपाट होते ना हो ती खुर्ची?
म्हटलं, हो.
पूर्ण सपाट.