बाजूला

होडीवरचा गळ धरायचा क्लॅम्प काढला;
दोन हंगाम झाले, होडी तशीही पालथी पडून आहे.
चर्चच्या तळघरातून डोनलनं माइकचा लवचीक दांडा आणला,
विचारून की न विचारता, ते मी विचारलं नाही.

खुर्चीच्या नळीवर आधी सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
जांभळा रंग खरवडला तर ब्रिजिड रागावते.
मग क्लॅम्प. मग नट. एक नट गडगडत फ्रिजखाली गेला,
तो अजून तिथंच आहे.

पहिल्यांदा टॅबलेटनं मान टाकली.
दुसऱ्यांदा दांडा थरथरत राहिला, हीव भरल्यासारखा.
तिसऱ्यांदा मी वर मूठ आपटली: जागचा हलला नाही.
बरोबर मधोमध. पाणसळ लावून पाहिली.

ब्रिजिडचं बोट निघालं.
त्याला वेळ लागतो. डोनल चहा ओतायचा थांबला.
चित्रांवरून घसरत, मागे फिरत, टेकलं एकदाचं:
"बाजूला."
पुन्हा: "बाजूला."

मी चिडलोच. चार रात्री घातल्या होत्या.
मग खुर्चीमागे बसून पाहिलं, तिच्या उंचीवरून:
ट्विलिंगेटच्या खाडीतून
जूनमधला पहिला हिमनग चालला होता,
आणि मी नेमका त्याच्यावर
पडदा ठोकून ठेवला होता.

पाना कुठे गेला?