एक मूठ कमी

ज्या साली बांबू फुलला, त्या साली
उंदीर डोंगर उतरून आले.
एका रात्रीत भाताचं शेत नुसतं काड्यांचं उरलं.
म्हातारी माणसं म्हणाली, आमच्या लहानपणी असंच झालं होतं,
आणि एवढं बोलून गप्प बसली.

आमच्या मिझो गावाची रीत अशी:
आधण ठेवलं की तांदूळ मोजायचे,
त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. देवळासाठी.
उरलेल्यातून नव्हे. आधी.
शनिवारी मी पोतं घेऊन घरोघर जायचे,
वहीत नावं लिहायचे. बारा वर्षांची होते,
अक्षर बरं होतं, म्हणून हे काम माझ्याकडे.

पाळकसाहेब उपदेश संपवून स्वतःच म्हणाले,
यंदा मूठ नको. देव समजून घेईल.
लोकांनी मान खाली घालून ऐकलं.
डबे तरीही वाजत राहिले, थोडे थोडे:
मक्याचे दाणे, वाळवलेल्या रानकंदाच्या चकत्या,
घरटी आठवड्याला एक मूठ निघाली तरी खूप.

शेवटचं घर पी थांगछुंगीचं,
उतारावर, खांबांवर उभं. खाली दरी, दरीत ढग.
नवरा तिआऊ नदीपलीकडे लाकडं तोडायला गेला
तो गेलाच.
त्या शनिवारी तिनं मला आत बोलावलं,
डबा पोत्याच्या तोंडाशी नेला, उलटा केला,
बुडावर दोनदा थोपटलं, नेहमीसारखं.
काही पडलं नाही.

"लिही."
"काय लिहू?"
"एक मूठ. तुझ्यासमोर तर टाकली."
"पण पी, रिकामी..."
ती हसली. "रिकामी मोजायला सोपी असते गं."

मी वर पाहिलं. चुलीवर टोपली टांगलेली,
धुरानं काळी, भाताच्या बियाण्यानं काठोकाठ.
एका माणसाचे दोन महिने निघाले असते.
तिनं माझी नजर ओळखली.
"ते पेरायचंय," एवढंच म्हणाली,
जणू पुढचं साल शेजारच्या खोलीत
आवरून बसलं आहे,
हाक मारायचाच काय तो अवकाश.

पायऱ्या उतरताना मागे वळून पाहिलं.
गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून
ती डोळे मिटून प्रभू येशूचे आभार मानत होती,
सावकाश,
भरल्या ताटाला मानतात तेवढे पूर्ण.

चमत्कार झाला नाही. डबा आपोआप भरला नाही.
मदतीचं धान्य आलं ते सतरा दिवसांनी,
अर्धं भिजलेलं, कुबट.
त्यातलीही पहिली मूठ तिनं बाजूला काढली,
वास घेऊन, नाक मुरडून.

देवळात पू ह्रांगकिमा मापटं घेऊन बसले.
वहीतल्या मुठी एकीकडे, पोतं एकीकडे.
एक मूठ कमी.
पुन्हा मोजलं. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं.
त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसत राहिले.
मग बेरजेखाली सही केली
आणि म्हणाले, हिशेब बरोबर आहे.

आता ऐझॉलला तिसऱ्या मजल्यावर
माझ्या घरात तांदळाची पोती असतात.
तरी काही रात्री प्रार्थनेला बसते
आणि आत हात घालावा तर
बोटांना नुसतं बूड लागतं.
नवऱ्याच्या आजारपणात तर महिनाभर असंच.
शब्द नाही. रडूही नाही.

अशा वेळी मी मूठ वळते, रिकामीच,
पुढे नेते, उघडते,
मांडीवर दोनदा थोपटते,
आणि अंधारात जो कोणी वही घेऊन बसला आहे
त्याला म्हणते,
लिही.