पाणसळ

ओरेस्तने जन्मभर धान्याची कोठारं बांधली,
म्हणून तो वजन गव्हात सांगतो.
"चारशे लिटर पाणी, साठ किलो खडक, वाळू, काच,"
कानावरची पेन्सिल काढत म्हणाला,
"म्हणजे वीस बुशेल गहू एका टेबलावर उभा.
आणि हा गहू
चोवीस तास बाहेर पडायची वाट शोधणार."

यॉर्कटनहून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच.
शाळेत आम्ही तो निळ्या खडूने रंगवायचो
आणि हात झटकायचो.

नोव्हेंबर लाकडात गेला.
गॅरेजमध्ये फरचे वासे, गाडी बाहेर बर्फात,
रोज सकाळी काच खरवडताना मी कुरकुरायची
आणि आतून रंध्याचा आवाज यायचा, खुशाल.
खिळा एक नाही. कुसू आणि खाच,
पटाशीने इतकी नेमकी कोरलेली
की पहिल्यांदा बसवताना लाकूड श्वास सोडल्यासारखं
हुस्स झालं.
तळघराची फरशी मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
त्याने पाणसळ ठेवली, बुडबुडा डावीकडे पळाला.
पत्त्याएवढी पाचर. परत उजवीकडे.
संध्याकाळभर तो गुडघ्यांवर,
त्या एका बुडबुड्याची मनधरणी करत.
घरात आलेलं समुद्राचं पहिलं पाणी ते,
त्या नळीतलं, बोटभर.

मग मीठ. कचऱ्याच्या नव्या पिंपात
पंप फिरवून रात्रभर ढवळलेलं.
मी बोट बुडवून चाखलं:
शेपू घालून मुरवलेल्या काकड्यांचं पाणी, तंतोतंत.
चाळीस वर्षं मी समुद्रच भरत होते की बरण्यांत,
कुणी सांगितलं नाही.

रिजायनाहून खडक आले, ओल्या वर्तमानपत्रात,
कुजक्या वासाचे. ते रचले, आणि महिनाभर
काचेत नुसते दगड.
तो रोज परीक्षानळी दिव्यासमोर धरायचा,
अमोनिया हिरवा की पिवळा.
शेजारचा लॉर्न म्हणाला, "दगडच बघायचेत
तर माझ्या शेतात ये, फुकट दाखवतो.
वर दोन पोती घरी ने."

जानेवारीत, उणे चौतीस, रात्री:
टक्.

अंधारात त्याचे डोळे उघडल्याचं मला कळलं.
टक्.
"थंडीने घर वाजतंय," मी म्हटलं.
तो टॉर्च घेऊन खाली गेला.
एकेका सांध्याला कान लावला, तळवा फिरवला,
पाणसळ ठेवली. बुडबुडा जागच्या जागी.
तीन रात्री हेच.

मेलव्हिलजवळ त्याचं एक कोठार फुटलं होतं,
एकोणऐंशी साली. माणूस नाही गेला, गहू गेला,
चिखलात, गुडघाभर.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही. तो अजूनही
त्या गावाला वळसा घालून जातो, पेट्रोल जळालं तरी.

चौथ्या रात्री मीही उतरले.
टॉर्चवर माझा लाल मोजा चढवला, लाल उजेडात
ती बुजणार नाहीत असं म्हणतात.
"कोण ती?" तो म्हणाला.
मलाही माहीत नव्हतं.
पालथ्या बादल्यांवर दोघं, गोधडीत.
बराच वेळ काही नाही.
मग खालच्या कपारीतून दोन मिशा,
त्यामागे करंगळीएवढी कोळंबी, फिकट हिरवी,
एक नांगी अंगाला न शोभणारी, दुसऱ्याची मागून आणल्यासारखी.
ती नांगी तिने उघडली, थांबली,
टक्.

इतक्या दुरून, वर्तमानपत्रात गुंडाळून,
महिनाभर अमोनियात तग धरून
बाई आपलं दार वाजवत होती.

ओरेस्त हसला नाही.
"लाकूड नाही," म्हणाला.
थोड्या वेळाने पुन्हा, हळू,
माझ्याकडे न बघता:
"लाकूड नव्हतं."

सकाळी त्याने लॉर्नला फोन लावून विचारलं,
तुझ्या शेतातले दगड रात्री बोलतात का?

आता टक् झालं की तो कूस बदलून घोरतो.
जागी मी असते, पुढच्या टक्‌साठी.
पाणसळ त्याने अजून खुंटीला लावलेली नाही.