शिंगाची लांबी

घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग उचलायचा तो चिमटा,
टोकं अजून एकमेकांना चुकत नाहीत.
डोळे मात्र गेले. मधोमध एक राखाडी डाग,
आणि जग फक्त कडांनी उरलेलं.
व्होयमिर हान्झलिक हे असं सांगतो
की जणू कुणा गिऱ्हाइकाची काच पुसायची राहिली आहे.

मी शेजारीण. तासाला दीडशे कोरुना, शिवाय बटाटे.
काम: चिठ्ठ्या वाचणं, खाली बसणं, वर उठणं.
"बारा-चाळीस-अ," मी वाचते. तो मान हलवतो.
"आईच्या दाढीला टोक होतं. बाप नुसताच उंच."

दाढी म्हणजे आयरिसच्या लोंबत्या पाकळीवरची केसाळ पट्टी,
मधमाशीला आत नेणारी पायवाट.
त्याला ती पाकळीवर लोळत पडलेली चालत नाही.
ती उठली पाहिजे, पाकळी सोडून हवेत आली पाहिजे,
शिंग होऊन, चमचा होऊन,
नाहीतर पुढे झालर फुटून.
एकदा नुसताच दोरा आला होता, टोकाला मणी.
आठवडाभर तो कुणाशी धड बोलला नाही.

पराग घ्यायचे सकाळी, दव वाळल्यावर.
खालच्या तीन पाकळ्या खुडायच्या, मधमाशीला उतरायला जागा नको.
कुक्षीच्या ओठावरून एकदाच, पुसल्यासारखं.
मग दोरा, चिठ्ठी, आणि वाट पाहणं
ऑगस्टमध्ये बोंड तडकेपर्यंत,
मग हिवाळाभर कुंड्या बर्फात,
मग दोन उन्हाळे, कधी तीन.
तो एक्क्याऐंशीचा आहे. हा हिशेब आम्ही मोठ्याने करत नाही.

मेमध्ये आमच्याकडे तीन बर्फाळ संत येतात,
पान्क्रात्स, सेर्वात्स, बोनिफात्स,
बारा, तेरा, चौदा तारखेला, न चुकता.
यंदा तेराच्या रात्री डिये नदीवरून गारठा चढला
आणि आम्ही ओळींवर जुन्या चादरी घातल्या.
माझ्या लग्नातलीही एक होती, नवऱ्यापेक्षा जास्त टिकलेली.
सकाळी सतरावी ओळ काळी पडली होती.
"किती?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नऊ.
अकरा होती.

अठराव्या ओळीत मात्र एक उघडलं.
तो गुडघे टेकून बसला, हात आधी देठावर,
मग वर, अंधारात जिन्याचा कठडा धरून चढावं तसा.
बोट शिंगाला लागलं. थांबलं.
तिथून पुढे गेलं, अजून पुढे,
टोकाशी ते शिंग वर वळलेलं
आणि त्यावर पुन्हा दाढीचे चार केस.
"तिन्हींना?"
"तिन्हींना."
हसला नाही. शिंगाची लांबी
नखाने स्वतःच्या करंगळीवर मोजून घेतली
आणि ती करंगळी दिवसभर बाजूला धरून फिरला,
ओला रंग लागल्यासारखी.

दुपारी, सूप पिताना: "रंग?"

रंग होता भांडी विसळून उरलेल्या पाण्याचा,
देठाशी चहाचा गाळ बसावा तसा तपकिरी.
इतकं ओंगळ फूल मी त्या वाफ्यात पाहिलं नव्हतं
आणि नजर काढता येत नव्हती.
जिभेवर निळा आला होता. जांभळासुद्धा.
मी पाव मोडला. ती अकरा आठवली.

"घाण आहे," मी म्हणाले. "खरकट्या पाण्यासारखा."

चमचा वाडग्याला दोनदा लागला.
"असू दे. रंग धुता येतो, दोन पिढ्यांत.
एखाद्या पांढऱ्याशी जुळव."

जुळव म्हणाला. जुळवू नाही.

चिमटा आता माझ्या ॲप्रनच्या खिशात असतो.
कपडे धुताना दोनदा टोचला आहे.