न जळणारा कापूस

मानवतचे पिंजारी आम्ही.
आज्याच्या कमानीची तात ठण्ण वाजली
की गल्लीला कळायचं,
कुणाच्या तरी लेकीची गादी भरते आहे.

अब्बा मात्र गोदीत गेले.
नौदलाची थकलेली जहाजं दुरुस्तीला यायची.
त्यांच्या पोटात, बॉयलरच्या खोलीत,
पाइपांवरचं जुनं पांढरं वेष्टण हातोडीनं फोडायचं,
नवं गुंडाळायचं.
मुकादमानं विचारलं, काय येतं?
"कापूस येतो."
"मग हाबी कापूसच समज. फक्त जळत नाही."

अब्बांनी काडी लावून पाहिली.
खरंच जळला नाही.
केवढं कौतुक त्यांना त्याचं!
तोंडाला रुमालसुद्धा नाही. आज्याचं ऐकलेलं होतं:
छातीत गेलेला कापूस गुळाच्या खड्यानं सुटतो.
चौदा वर्षं त्यांच्या डब्यात गूळ होता.

अम्मी संध्याकाळी खोलीच्या दारात उभी राहून
त्यांचा खाकी सदरा झटकायची,
मग भिजवायची.

गावी परतताना त्यांनी त्या कापडाची एक चिंधी आणली.
चुलीवरचं पातेलं उतरायला
तिच्याइतकी चांगली चिंधी
आमच्या गल्लीत कुणाकडे नव्हती.

तीस वर्षांनी अंबाजोगाईचा दवाखाना.
आधी आठ महिने टीबीच्या गोळ्या झालेल्या,
थुंकीत कधीच काही सापडलं नाही.
फॉर्मवर मी लिहिलं, व्यवसाय: पिंजारी.
डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला, बराच वेळ धरला.
"बाबा, अजून कुठं काम केलंय?"
"गोदीत गेलतो की. लई वर्सं झाली. तव्हा तर खोकला नव्हता."
त्यांनी पेन खाली ठेवलं.
मग डबा घेऊन बाकावर बसलेल्या अम्मीकडे पाहून म्हणाल्या,
"यांचाही फोटो काढू."

"मी तर जहाज बघितलंबी नाही," अम्मी म्हणाली.
दोनदा म्हणाली.

घरी आलो. चिंधी खिळ्यालाच होती.
पाणी मारून ओली केली,
प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, दोन गाठी मारल्या.
नगरपालिकेत विचारलं, हे कुठं द्यायचं?
घंटागाडीवाला दिगांबर हसला,
"एवढीशी चिंधी, नदाफ.
जाळून टाका की."